हॉलंडला नेलेलं जायफळ

मुंबईच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईंनी माझ्या बॅगेतून एक पुडी काढली, नाकाशी नेली आणि विचारलं, "हे काय आहे?"

"जायफळ. हॉलंडला चाललंय."

"किती दिवसांसाठी?"

"मी महिनाभरासाठी. ते कायमचं."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पुडी मात्र परत मिळाली. एके काळी ज्या जायफळासाठी डच लोक अर्ध्या जगाला वळसा घालून गेले, ते मी स्वतःच्या हातानं त्यांच्या दारात नेऊन टाकणार होतो. या विनोदावर मी इतका खूश होतो, की विमानात शेजारच्या गृहस्थांना तो दोनदा सांगितला. दुसऱ्या वेळी त्यांनी झोपेचं सोंग घेतलं.

मी सांगलीचा. कॉलेजात मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात जिथं माइक दिसेल तिथं उभा राहतो. लग्नात सूत्रसंचालन, गणपतीत कथाकथन, थंडीत शाळाशाळांतून वक्तृत्व स्पर्धांचं परीक्षण. माझा एक एकपात्री विनोदी तुकडा आमच्या भागात बराच चालतो: 'इंग्रज का आला?' डोक्यावर टोपी म्हणून स्टीलचं पातेलं, गळ्यात टाय म्हणून उपरणं, आणि सुरुवात अशी: "साहेब पाहुणा म्हणून आला. आपण पाट मांडला, पाणी दिलं. कारण पाहुण्याला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही." मग साहेब पोटासाठी मिरी मागतो, पैशासाठी वखार मागतो, प्रतिष्ठेसाठी राज्य घेतो, मागोमाग पाद्री आणतो, आणि शेवटी पातेलं काढून छातीशी धरतो आणि सांगतो की हे सगळं त्यानं आपल्या भल्यासाठी केलं, निव्वळ परोपकार. त्या 'परोपकारा'वर टाळी पडते. आजवर चुकलेली नाही.

बहिणीकडे निघालो तेव्हा पातेलं घेतलं नव्हतं. तिच्याकडे असणारच.

*

माझी धाकटी बहीण मीनल आणि तिचे यजमान सुहासराव हूफडॉर्पला राहतात. दोघंही पुण्याहून संगणकाच्या नोकरीसाठी इथं आले आणि इथलेच झाले. विमान जिथं उतरतं आणि मीनलचं घर जिथं आहे, तिथं पूर्वी मोठं तळं होतं. डच लोकांनी पाणी उपसून तळ कोरडा केला आणि वर गाव वसवलं. घरं एकाला एक चिकटलेली, एकसारखी, समोर हातभर बाग, बागेच्या कडेनं कालवा, कालव्यात बदकं. बदकंही वेळेवर येतात असा माझा समज झाला.

पहिल्याच दिवशी लाल डांबराच्या रुंद पट्ट्यावरून हात मागे बांधून, आजूबाजूला बघत मी रमतगमत चाललो होतो. मागून घंटी वाजली. मी मान डोलावून दाद दिली. पुन्हा घंटी, आणि मग एक सत्तरीच्या बाई सायकलवरून मला चाटून गेल्या आणि जाताना काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या त्या?" मी बरोबर असलेल्या भाचीला, मीनलच्या मुलीला, विचारलं.

"मामा, धिस इज फिट्सपॅड (सायकलींचा रस्ता)."

"ते कळलं. म्हणाल्या काय?"

"ते नको," इरा म्हणाली.

इरा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर देते इंग्रजीत, फार तर त्यात मराठी मिसळून. रागावली की डचमध्ये. त्या महिन्यात माझ्या कानावर डच बरंच पडलं, आणि त्याचं कारण हे लिहिताना मला सांगावं लागणार आहे. मला ते नको आहे, पण सांगतो.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी मीनलचं मसाल्याचं कपाट लावलं. बरण्या पुसल्या, अकारविल्हे ओळीत ठेवल्या, माझं जायफळ दर्शनी जागी.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "दादा, हळद कुठाय?"

"सगळ्यात शेवटी. 'ह' शेवटी येतो."

"मला न बघता सापडायची रे."

"आता बघून सापडेल. सुधारणा आहे ही."

ती हसली. मीनल माझ्या विनोदांना लहानपणापासून हसते. त्यानं माझं किती नुकसान झालंय, हे तिला ठाऊक नसावं.

*

जेवताना इराची बातमी कळली. इथल्या शाळांत प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा स्प्रेकब्युर्त (वर्गापुढे स्वतःच्या आवडीच्या विषयावर बोलणं) करावं लागतं. कुणी आपल्या सशावर बोलतं, कुणी फुटबॉलवर. इरानं विषय घेतला होता: इंग्रज जगभर का गेले?

माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"हा विषय तुला सुचला कसा?"

तिच्या वर्गात रोशनी नावाची मैत्रीण आहे. रोशनीचं कुटुंब सुरिनामचं. सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतला, पूर्वी डचांच्या ताब्यात असलेला देश. रोशनी भारतात कधी गेलेली नाही, तिचे आईवडील गेलेले नाहीत, आजीसुद्धा नाही. आणि तरीही रोशनी आजीला 'आजी'च म्हणते. इराही आजीला आजी म्हणते. बाकीचा वर्ग ओमा म्हणतो.

"सो आय आस्क्ड हर आजी, हाऊ? अँड शी सेड, इंग्लिश लोकांनी आम्हाला पाठवलं." इरानं पोळीचा तुकडा मोडला. "सो आय थॉट, ते तिकडे गेलेच का?"

किती सरळ प्रश्न होता तो. एका आजीपासून निघालेला. मी तो ऐकला आणि मला फक्त पातेलं दिसलं.

"इरे," मी म्हणालो, "तुझं नशीब थोर आहे."

"दादा," मीनल म्हणाली, "भाषण तिचं आहे हं."

"मी फक्त मदत करणार."

*

अभ्यासदौरा म्हणून मी इराला होर्नला नेलं. म्हणजे खरं तर तिनं मला नेलं, कारण गाडी कुठं बदलायची हे तिला ठाऊक होतं. होर्न हे जुनं बंदर. इथून जहाजं पूर्वेकडे जायची. आता धक्क्यावर शिडाच्या हौशी होड्या डुलत असतात आणि पाण्याकडे तोंड करून तिरक्या कपाळाच्या विटांच्या इमारती उभ्या असतात. पूर्वीची गोदामं. वर अजून ओझं ओढायचे आकडे आहेत. मिरी, लवंग, जायपत्री त्या आकड्यांनी वर गेली असणार. आता आत लोक राहतात आणि खिडकीत मांजर बसतं.

धक्क्यावरच्या बाकावर एक उंच म्हातारे गृहस्थ मासा खात बसले होते. कच्चा हेरिंग, वर बारीक कांदा, शेपटीला धरून थेट तोंडात. त्यांनी इंग्रजीत विचारलं, कुठले? मी म्हटलं, भारत.

"अच्छा, म्हणजे इंग्रजांचे."

"होतो. आता आमचेच आहोत."

"आम्हीही प्रयत्न केला होता तुमच्यासाठी," ते रुमालाला हात पुसत म्हणाले. "इंग्रज जास्त चपळ निघाले."

"वाईट वाटतं?"

"मला मासा आवडतो. राज्य सांभाळणं मला जमलं नसतं."

मला माणूस फारच आवडला. मी त्यांना सरळ विचारलं, तुम्ही लोक एवढ्या लांब गेलात तरी का?

त्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं. आकाश धुण्याच्या पाण्यासारखं होतं. "फेब्रुवारीत इथं कोबी सोडून काही नसायचं. कोबी, आणि मीठ लावलेलं मांस. त्याला थोडी मिरी लागली की माणूस वेडा होतो." मग म्हणाले, "आणि शेजारी गेला म्हणून. पोर्तुगीज गेले, म्हणून आम्ही गेलो. आम्ही मिरीचा भाव वाढवला, म्हणून लंडनचे व्यापारी चिडून निघाले. मग तिथं समुद्रात सगळे एकमेकांना म्हणाले, तुम्ही इथं कसे?"

मग त्यांनी तो जुना सौदा सांगितला. इंग्रजांचा हक्क असलेलं जायफळाचं एक चिमुकलं बेट डचांकडे आलं, आणि डचांचं न्यूयॉर्क इंग्रजांकडे गेलं. त्याच तहात इंग्रजांचं सुरिनामही डचांकडे राहिलं.

"आणि आम्हाला वाटलं, आपण त्यांना फसवलं," म्हातारे म्हणाले.

मी मोठ्यानं हसलो. इरा हसली नाही. तिनं विचारलं, "तिथल्या लोकांना कुणी विचारलं का?"

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, माशाच्या शेपटीकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "मला वाटत नाही कुणाच्या डोक्यात आलं असेल."

परतीच्या गाडीत मी डोक्यात विनोद जुळवत बसलो. न्यूयॉर्क देऊन जायफळ! वर्ग लोळेल. इरा खिडकीबाहेर सपाट हिरवी शेतं बघत होती.

*

त्या शनिवारी आम्ही हेगला रोशनीच्या आजीकडे गेलो. इरानंच ठरवलं होतं; आजी तिला गोष्ट सांगणार होत्या. हेगच्या त्या भागात ट्रॅममधून उतरलात तर भुलाल. दुकानात भेंडी, दोडका, अगरबत्ती, साड्यांच्या पाट्या, आणि दुकानदार गिऱ्हाइकाशी भोजपुरीसारख्या भाषेत बोलतोय, मध्येच डच. या भाषेला सरनामी म्हणतात. आपल्या हिंदीवर निम्मी समजते.

आजी म्हणजे ताठ कण्याच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या बाई. पूर्वी नर्स होत्या. त्यांनी आमच्यापुढे 'बारा' नावाचा पदार्थ ठेवला. उडदाच्या डाळीचा मध्ये भोक असलेला वडाच, पण बरोबर इतकी तिखट चटणी की मला सांगली आठवली.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. त्यांच्या पणजीला गावाजवळच्या जत्रेत एक माणूस भेटला. गोड बोलणारा, आपल्यातलाच. म्हणाला, श्रीरामाचा देश आहे, तिथं साखर चाळायचं हलकं काम आहे, पीक निघेपर्यंत परत याल. सुरिनाम हे नाव त्यानं 'श्रीराम' करून सांगितलं. कलकत्त्याला जहाज उभं होतं. डचांच्या मळ्यांवरची गुलामी संपली होती, ऊस तोडायला हात हवे होते. हिंदुस्थान इंग्रजांचा होता. त्यांनी परवानगी दिली.

मला राहवेना. मी माझ्या खास आवाजात विचारलं, "आजी, पण इंग्रजाला यात काय मिळालं? लोभ? राग? सत्तेची धुंदी?"

आजींनी विचार केला. त्यांच्या भाषेत जे म्हणाल्या, त्याचा अर्थ असा: "राग कसला? आमच्यावर त्याचा रागही नव्हता आणि लोभही नव्हता. घरात जास्तीचे तांबे असतात. शेजारीण म्हणते, एक दे गं. आपण देतो. आम्ही जास्तीचे तांबे होतो." मग चटणीची वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तांब्या दिला तर माणूस कधीतरी परत मागतो तरी."

इरा त्यांच्याकडे टक लावून बघत होती. निघताना तिनं आजींचा हात धरला आणि डचमध्ये काहीतरी सांगितलं. आजींचा चेहरा उजळला.

"काय म्हणालीस?" मी जिन्यात विचारलं.

"की शेवटी तिची स्टोरी सांगीन. शी इज कमिंग, ऐकायला. युफनी (वर्गाच्या बाईंनी) परमिशन दिलीये. तुलापण."

*

आता मला जे सांगायचं नाही ते आलं.

आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धेत मूल कसं बोलतं हे तुम्हाला माहीत आहे. भाषण मामा किंवा बाबा लिहितात. मूल पाठ करतं. 'आकाश' म्हटलं की हात वर, 'हृदय' म्हटलं की हात छातीवर, आणि शेवटी दोन ओळींची कविता. मी अशी शेकडो मुलं ऐकली आहेत, त्यांना ढाली दिल्या आहेत आणि काहींची भाषणं लिहूनही दिली आहेत. स्प्रेकब्युर्त म्हणजे तीच स्पर्धा, फक्त डचमध्ये, असं मी गृहीत धरलं. विचारलं नाही.

इरानं जे तयार केलं होतं ते तिनं मला वाचून दाखवलं. हळू होतं. आजीपासून सुरू होऊन आजीवर संपत होतं. मध्ये काही विनोद नव्हता.

"छान आहे," मी म्हणालो, "पण झोपतील."

आठवडाभर तालीम चालली. पातेलं आलं, सुहासरावांचा टाय आला. मी मराठीत सांगायचो, ती डचमध्ये करायची. पोट, पैसा, प्रतिष्ठा, पाद्री, परोपकार. प्रत्येकाला वेगळी चाल, वेगळा आवाज. पोर हुशार, सगळं उचललं. मला वाटलं, घराण्याचा वारसा पुढे जातोय.

"मामा, व्हेअर इज आजी?" तिनं एकदा विचारलं.

"शेवटी घेऊ."

दोन दिवसांनी शेवट लांबला, कारण न्यूयॉर्कचा विनोद आला. वेळ ठरलेला असतो.

"मामा, देअर इज नो स्पेस फॉर आजी."

"बाळा, लोक हसले पाहिजेत. हसले की ऐकतात. तांब्याचं मला कळतं, पण तिथं हशा नाही."

"बट आय प्रॉमिस्ड. शी इज कमिंग."

"येऊ दे की. त्यांनाही मजा येईल."

तिनं पातेलं डोक्यावरून काढलं, बराच वेळ हातात धरलं, मग पुन्हा घातलं. मला तेव्हा वाटलं, पटलं तिला.

*

वर्ग म्हणजे खेळण्यांचं दुकान वाटावा असा. मागच्या बाजूला दोन छोट्या खुर्च्यांवर आजी आणि मी. आजी हेगहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. अंगात इस्त्रीचा क्रीम रंगाचा कोट, हातात सोन्याच्या बांगड्या, मांडीवर पर्स, पायाशी पिशवीत वर्गासाठी बारे. पुढच्या बाकावर बसलेल्या रोशनीनं दोनदा मागे वळून हात केला.

इरा उभी राहिली. माझं जायफळ हातोहात फिरलं, मुलांनी हुंगलं. एकानं सांगितलं की त्याची आई हे फ्लॉवरवर घालते. मग पातेलं डोक्यावर चढलं आणि साहेब आला.

मला डच येत नाही. पण हशा कुठल्याही भाषेत कळतो. पोटावर हसले, पैशावर हसले, पाद्र्यावर बाई स्वतः हसल्या, न्यूयॉर्कवर एक मुलगा खुर्चीवरून घसरला. मी खालच्या आवाजात तिच्याबरोबर बोलत होतो, हात माझेही हलत होते. आजी ताठ बसून, थोडं हसून, लक्ष देऊन ऐकत होत्या. मला वाटलं, त्यांनाही रंगलंय.

परोपकार. पातेलं छातीशी. टाळ्या. खरं सांगतो, मी अर्धा उठलो होतो.

आजी माझ्याकडे झुकल्या. टाळ्यांतून ऐकू यावं म्हणून अगदी कानाशी आल्या आणि उत्सुकतेनं विचारलं, "हमार बात कब आई?" (माझी गोष्ट कधी येणार?)

मी बसलो.

आजी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि हळूहळू, मी न सांगताच, त्यांना कळलं. त्यांनी पर्सचा बंद नीट केला.

भाषण झालं की इथं टिप्स आणि टॉप्स असतात. वर्गातली मुलं हात वर करून आधी काय आवडलं ते सांगतात, ते टॉप. मग काय सुधारावं ते, ती टिप. लहान मुलं, पण थेट तोंडावर. टॉप भरपूर आले. मग बाईंनी रोशनीला विचारलं. रोशनी जागेवरूनच थोडकं बोलली. मुलं इराकडे बघायला लागली.

मी समोर बघत होतो. आजींनी हळूच मला अर्थ सांगितला, कारण मला डच येत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि त्या सभ्य बाई होत्या.

"म्हणतेय, टिप: तू म्हणाली होतीस की माझी आजी यात असेल."

इरानं पातेल्याकडे पाहिलं, मग रोशनीकडे. माझ्याकडे नाही. काहीतरी पुटपुटली.

"म्हणतेय, वेळ संपला," आजी म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांच्या भाषेत पुढे म्हणाल्या, "खोटं बोलतेय. कुणाला तरी पाठीशी घालतेय." आणि उठून मुलांना बारे वाटायला लागल्या. मलाही दिला. म्हणाल्या, "खा." मी खाल्ला. तो कसा लागला ते मला सांगता येणार नाही.

घरी जाताना इरा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होती. हँडलला अडकवलेलं पातेलं प्रत्येक पावलाला वाजत होतं. रोशनी आजींबरोबर दुसऱ्या वाटेनं गेली होती. कालव्याच्या पुलावर इरा थांबली आणि डचमध्ये बरंच बोलली, पाण्याकडे बघत. मला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. मग ती माझ्याकडे वळली, आणि आल्यापासून पहिल्यांदा पूर्ण वाक्य मराठीत बोलली. शब्द शोधत, हळू.

"मी तुला नाही म्हटलं नाही, कारण तू पाहुणा आहेस."

*

दुसऱ्या दिवशी मी एकटाच हेगला गेलो. आजींची माफी मागायला. गाडीत माफीची तालीम केली: कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा. त्या नादात चुकीच्या स्टेशनावर उतरलो आणि पावसात बराच चाललो.

आजींनी दार उघडलं, टॉवेल दिला. मी कपाळाला हात लावून सुरुवात केली. त्यांनी माझा हात धरून खाली केला.

"ते राहू दे," म्हणाल्या. "पोरीला म्हणालास का हे?"

मी टॉवेलनं डोकं पुसत राहिलो.

"पोर घरात. तिला सोडून माझ्याकडे आलास, इतक्या लांब?"

खरं होतं. मी सोपा श्रोता निवडला होता. म्हातारं माणूस, चहा देणारं, माफ करणारं. आजींनी चहा दिला नाही. डब्यात चार बारे भरून दिले. "दोन तिला, दोन रोशनीला. तुला नाहीत."

दाराशी त्यांनी विचारलं, "तो तुझा साहेब. शेवटी म्हणतो ना, तुमच्या भल्यासाठी केलं?"

"हो."

"पोरं त्यावर का हसली?"

"कारण तो खोटं बोलतो."

"आमच्याकडचे साहेब खोटं नव्हते बोलत," आजी म्हणाल्या. "त्यांना तसंच वाटायचं."

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. हळदीची बरणी डोळ्यांपुढे येत होती. 'सुधारणा आहे ही,' असं मीच म्हणालो होतो, आणि मला तसंच वाटत होतं. मला कुणाचं काही घ्यायचं नव्हतं. फक्त तिचं बरं करायचं होतं, आणि ते करताना टाळ्या मला ऐकायच्या होत्या. साहेब पातेलं घालून येतो असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो. पातेलं काढलं की तो कसा दिसतो, हे मी कधी बघितलं नव्हतं.

इरा तिच्या खोलीत होती. मी दारातच उभा राहिलो आणि हात खिशात घातले, ते आपोआप हलू नयेत म्हणून.

"तुझं भाषण मी घेतलं," मी म्हणालो. "चुकलं माझं. आजींना दिलेला शब्द तुला माझ्यामुळे मोडावा लागला."

तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. पुढे काही नाटक आहे का, याची बहुधा खात्री करत होती.

"ओके," ती म्हणाली. मग, "युफला विचारू का, आणखी एक चान्स?"

"तू ठरव."

"तू हेल्प करणार?"

"नाही."

"प्रॉमिस?"

मी वचन दिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन मीनलला म्हणालो, तुझ्या बरण्या पूर्वी कशा होत्या सांग, लावून देतो. ती म्हणाली, "असू दे दादा. हात नको लावूस फक्त."

*

सांगलीला परतल्यावर वाचनालयात माझं प्रवासकथन ठेवलं होतं. सतरंजी भरली. पुढच्या रांगेतल्या काकांनी घरून पातेलं आणलं होतं, मी विसरलो असेन म्हणून. मी साहेब केला. पोटावर हसले, पैशावर हसले. परोपकारापाशी आलो, पातेलं छातीशी धरलं, आणि पुढचं तोंडातून येईना. पातेलं टेबलावर ठेवलं आणि हेगच्या एका आजींची तांब्याची गोष्ट सांगितली, त्यांनी सांगितली तशी. कुणी हसलं नाही. खाली उतरल्यावर काका म्हणाले, "सर, आज रंगलं नाही." मी म्हटलं, "नाही रंगलं."

त्यानंतर काही दिवसांनी मीनलचा व्हिडिओ कॉल आला. फोन इरानं धरला होता. शेजारी रोशनी, मध्ये आजी, सोफ्यावर. बाईंनी इराला पुन्हा वेळ दिला होता आणि तिला भाषण वर्गात करण्याआधी आजींना ऐकवायचं होतं.

"मामा, तू पण ऐक," इरा म्हणाली. "फक्त ऐक."

फोन समोर टेकवून ठेवून ती उभी राहिली. पातेलं नाही, टाय नाही, हात दोन्ही बाजूंना. डचमध्ये बोलत होती. मला कळले ते शब्द थोडे: कलकत्ता, श्रीराम, आणि आजी. आवाज मध्येच पडत होता. एकदा ती विसरली आणि आजींनी आठवण करून दिली. तांब्यापाशी ती फार घाईनं गेली. संपलं तेव्हा रोशनीनं डोकं आजींच्या खांद्यावर ठेवलेलं होतं.

"मामा," इरानं फोन जवळ घेतला. "टिप?"

"एकही नाही," मी म्हणालो.

माझ्याकडे तीन होत्या. एक आवाजाबद्दल, एक त्या तांब्यापाशी थांबण्याबद्दल, आणि एक हातांबद्दल. अजून आहेत. चांगल्या आहेत, तिच्या भल्याच्याच आहेत. त्या माझ्यापाशीच बसल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर मी गप्प.